डावा हात खिशात

थोरला घरात शिरला तो हातोडी घेऊनच. दाराशी चपला काढल्या, सरळ कामाच्या टेबलापाशी गेला आणि धाकट्याच्या कोपराजवळ ती हातोडी अलगद ठेवली. आदळली असती तर आईला इतकी धास्ती वाटली नसती. आदळआपट या घरात रोजचीच होती. अलगद ठेवलेली वस्तू तिने फारशी पाहिली नव्हती.

"दोन वेळा तोंडघशी पाडलंस मला," थोरला म्हणाला. "आज हा डबा तासभर चालला तर चालला. नाही चालला तर तुझा उजवा पंजा इथे ठेवायचा आणि मी तो ठेचायचा. मग बस डाव्या हाताने तारा जोडत."

धाकट्याने मान वर केली नाही. "बोलताना थुंकी उडते तुझी," तो म्हणाला. "जरा लांबून धमक्या दे. आत पाचशे व्होल्ट फिरणार आहेत."

खिडकीखाली शिलाईयंत्रावर आई बसली होती. तिचा पाय पायट्यावर थांबला. धाकट्याला ही थट्टा वाटत असेल तर वाटो, तिला वाटत नव्हती. धाकट्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. लहानपणी ते बोट खणाच्या कडेवर होतं आणि थोरल्याने "लावू का?" असं विचारून खण लावला होता. रागाच्या भरात हात उचलणारा माणूस निदान नंतर रडतो तरी. थोरला आधी सांगायचा आणि मग सांगितल्याबरहुकूम करायचा. त्याचा शब्द आजवर खाली पडलेला नव्हता, हेच तिला आज नको झालं होतं.

बरं, थोरल्याचंही काही खोटं नव्हतं. तो लग्नकार्याला, सभांना, सामन्यांना कर्णे आणि ॲम्प्लिफायर भाड्याने द्यायचा. ॲम्प्लिफायर बनवायचा धाकटा. टेबलावरचा हा नवा, दिव्यासारख्या काचेच्या चार मोठ्या व्हॉल्व्हचा, पहिल्यांदा बाहेर गेला तेव्हा तासाभरात धुरावला. धाकट्याने त्याचा ट्रान्सफॉर्मर बदलून दिला. दुसऱ्यांदा तो गेला मुष्टियुद्धाच्या सामन्यांना. शेवटची लढत अटीतटीची झाली. पंचाने माईक हातात घेतला, "आजचा विजेता ठरला आहे" एवढं म्हणाला, आणि कर्णे मुके झाले. पुढचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही. दोन्हीकडच्या मंडळींना वाटलं, आपलाच माणूस जिंकला होता आणि मुद्दाम आवाज बंद केला. पंच शहाणा, तो मागच्या बाजूने पळाला. यंत्रापाशी उभा सापडला थोरला. जी माणसं एकमेकांची डोकी फोडायला निघाली होती ती त्याला मारताना मात्र एकदिलाने वागली. खुर्चीच्या पायाने त्याचे पुढचे दोन दात पाडले. खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. एकाने कर्ण्याची तार त्याच्या गळ्याला गुंडाळून त्याला मैदानभर ओढला. आता ओठाला टाके होते, गळ्यावर काळा वळ होता आणि बोलताना दातांच्या फटीतून वारा सुटत होता.

आईने त्याचा गळा पाहिला होता. त्या वळाला हळद लावताना तिला आपल्या नवऱ्याची आठवण आली होती. याच्या मानेवर पहिला वळ त्यांनीच उठवला होता.

त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. त्या काळी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस म्हणजे डॉक्टरच्या खालोखाल. लोक रेडिओ शालीत गुंडाळून आणायचे, एखादं आजारी मूल आणावं तसे. मिस्तरी कान लावायचे, टिचकी मारायचे, आणि रोग सांगायचे. या खोलीत त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं, आणि शिकवण्याचा पहिला धडा एकच: चालू यंत्रात हात घालताना डावा हात खिशात. एका हातातून वीज शिरली आणि दुसऱ्यातून बाहेर पडली तर वाटेत काळीज लागतं. एकच हात असला तर माणूस भाजतो, पण वाचतो. नियम चांगला होता. मिस्तरींना तो पटवून देण्याची पद्धत मात्र एकच ठाऊक होती. पितळी कडेची लाकडी फूटपट्टी टेबलामागच्या खिळ्याला टांगलेली असे. पोराचा डावा हात नकळत बाहेर आला की मिस्तरी विचारायचे, "हात कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता बोटांच्या सांध्यांवर पट्टीची कड बसायची. कधी बोटांवर, कधी मानेवर. थोरल्याच्या हातातून एकदा रक्ताची धार लागली तेव्हाही त्यांनी आधी हात खिशात घालायला लावला आणि मग चिंधी बांधू दिली. खिसा आतून लाल झाला होता. तो आईनेच धुतला.

खिसेही तिनेच शिवलेले. कामाच्या डगल्याला डाव्या बाजूला एक खिसा, जाड कापडाचा, कोपरापर्यंत खोल आणि तोंडाशी आवळ. मिस्तरींनी सांगितलं होतं, हात सहज बाहेर येता कामा नये. तिने तसा शिवला. तिला वाटायचं, हात आतच राहिला तर मार तरी चुकेल.

मिस्तरी गेले त्याला बरीच वर्षं झाली. पट्टी अजून खिळ्याला होती. तिला हात लावायला कुणी धजलं नव्हतं, टाकून द्यायलाही नाही.

धाकट्याने डगला चढवला. ॲम्प्लिफायरचा पत्र्याचा सांगाडा टेबलावर कुशीवर उभा केला, म्हणजे वरचे व्हॉल्व्ह एका बाजूला दिसतात आणि पोटातल्या तारा दुसऱ्या बाजूला. कर्णा जोडला नाही. चाचणीला कर्णा जोडला तर सगळी आळी गोळा होते. त्याच्या जागी शेगडीची तार वेटोळं करून पाण्याच्या डब्यात सोडली. कर्ण्याने जे आवाजात उधळायचं ते ही तार उष्णतेत उधळते आणि पाणी तापतं. यंत्रात किती दम आहे ते पाण्यावरून कळायचं. मिस्तरींच्या वेळेपासून डब्याला बाहेरून हात लावून "कोमट झालं" सांगण्याचं काम आईचं.

विजेच्या तारेत त्याने रस्त्यावरच्या खांबाचा असतो तसा एक मोठा दिवा जोडला.

"तो दिवा काढ," थोरला म्हणाला. "माझ्याकडे मैदानात दिवा नसतो. कुबड्या घेऊन चालणारं यंत्र मला नको."

"दिवा मंद राहिला तर यंत्र ठीक. दिवा भडकला तर आत कुठेतरी वीज फुकट जाते आहे. दिवा आहे म्हणून यंत्र जळत नाही, नुसतं ओरडून सांगतं. तूही असाच एक दिवा लावून हिंडत जा, दादा. तुझं टाळकं फिरायच्या आधी लोकांना कळेल."

थोरल्याने हातोडीचा दांडा नुसता फिरवला. हातोडीचं तोंड आता धाकट्याच्या पंजाकडे झालं.

"पुरे रे," आई म्हणाली. "आणि तू पण पुरे. काम कर."

धाकट्याने बटण दाबलं. दिवा भपकन पेटला, मग हळूहळू विझत विझत निखाऱ्यासारखा झाला. व्हॉल्व्हच्या काचांत नारिंगी उजेड आला. आईला तो उजेड अजूनही आवडायचा. किती संध्याकाळी त्या उजेडात तिने सुईत दोरा ओवला होता. मार बसत नसेल तेव्हा ही खोली सुंदर दिसायची, हेही खोटं नव्हतं.

धाकट्याने एका जुन्या यंत्रातून एकसुरी आवाज आत सोडला. कर्णा नसल्यामुळे खोलीत काहीच ऐकू आलं नाही, फक्त ट्रान्सफॉर्मर डासासारखा बारीक गुणगुणत राहिला. पाण्यात तारेभोवती बुडबुडे धरू लागले.

थोरला भिंतीला टेकून उभा होता. वेळ जात होता. त्याच्या बरगड्या दुखत असणार, श्वास तो तुकड्यातुकड्याने घेत होता. आईने डब्याला हात लावला. "कोमट झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी आशा आली होती.

"सूर लागलाय," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात तिला दिवा दिसला. निखाऱ्याचा पिवळा होऊ लागला होता. अगदी सावकाश, कुणीतरी वात वर करावी तसा. तिने धाकट्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. त्याने मीटर जवळ ओढला. थोरल्याने मात्र भिंत सोडली.

"अरे वा," तो म्हणाला.

चार व्हॉल्व्हपैकी शेवटच्याच्या पोटातला काळा पत्रा मध्यभागी लाल झाला, मग लालीचा डाग पसरत गेला. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण जाड झाली. दिवा पांढरा झाला.

"बंद कर," आई म्हणाली.

"नाही. आत्ताच सापडेल. थंड झाल्यावर लबाड पुन्हा बरा होतो, म्हणून तर दोनदा निसटला." धाकट्याने मीटरची लाल तार सांगाड्याला चिमट्याने लावली, काळी सळई उजव्या हातात घेतली आणि डावा हात खिशात घातला, कोपरापर्यंत. मग वाकून यंत्राच्या पोटात सळई टेकवली. मीटरचा काटा उजवीकडे जायला हवा होता. तो डावीकडे खुंटीवर जाऊन आपटला.

"हां," धाकटा म्हणाला. "इथे वजा हवं, तर अधिक आहे. मागच्या व्हॉल्व्हची वीज पाझरते आहे इकडे. मधे वीज अडवणारा कंडेन्सर गळका आहे." सळई तशीच धरून त्याने नीट पाहिलं आणि तो हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग मोकळा. "दादा, हा कुणी लावला?"

थोरला जवळ आला. तारांच्या जंजाळात एक तपकिरी, मेणाचा कंडेन्सर होता, करंगळीएवढा. बाकीचे सगळे नवे, पिवळे, चकचकीत.

"मी लावला," थोरला म्हणाला. "पहिल्या कामाआधीच. तुझ्या त्या कचकड्याच्या कंडेन्सरने आवाज चिरका यायचा. हा बाबांच्या खणातला आहे. अस्सल."

बाबांच्या खणातलं ते अस्सल, यावर या घरात कधी दुमत नव्हतं. सगळ्या बाबतींत भांडणारे हे दोघे भाऊ त्या खणापुढे मात्र एक व्हायचे. आई दर आठवड्याला तो खण पुसायची. खणातल्या वस्तूंनाही वय होतं, मेण फुटतं, आतला कागद ओल धरतो, हे बाहेरच्या कुणाही कारागिराने पहिल्या दिवशी सांगितलं असतं. धाकट्याने दोनदा ट्रान्सफॉर्मर बदलला, दोन्ही वेळा हा तपकिरी तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि बाबांचा आहे म्हणून त्यालाच तेवढं तपासायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. म्हणूनच तर त्याला हसू आवरत नव्हतं. स्वतःवरही तो हसत होता, पण ते थोरल्याला कसं कळणार?

"म्हणजे बघ," धाकटा हसत हसत म्हणाला, "तुझे दात मैदानातल्या लोकांनी पाडलेच नाहीत. तुझे दात बाबांनी पाडले. मेल्यावरसुद्धा."

ठोसा त्याच्या कानाखाली बसला. तो हेलपाटला, तोल सावरायला डावा हात ओढला आणि तो निघाला नाही. खिशाचं आवळ तोंड मनगटाला अडकलं. दुसरा ठोसा बसला तेव्हाही हात आतच होता. सावरायला काही नव्हतं म्हणून तो तोंडावरच गेला आणि सांगाड्याच्या पत्र्याच्या कडेवर त्याचं तोंड आपटलं. ओठ आणि भुवई फाटली. रक्त तापलेल्या काचेवर उडालं, चर्र झालं, आणि जळक्या केसांसारखा वास सुटला. यंत्राच्या उघड्या पोटापासून त्याचा गाल वीतभरही लांब नव्हता.

आई उठली कशी तिला कळलं नाही. तिने आधी बटण बंद केलं. दिवा विझला. व्हॉल्व्हचा लाल डाग मात्र विझेना, तो काळोखातल्या डोळ्यासारखा बघत राहिला.

"दादा, सोड, डोळ्यांत रक्त गेलंय," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं.

"मी काय सांगितलं होतं?" थोरला म्हणाला. तो शांत झाला होता. त्याने डाव्या हाताने धाकट्याचं उजवं मनगट धरलं, टेबलावर दाबलं आणि गुडघा त्याच्या पाठीत रोवला. धाकटा पालथा, एक हात खिशात अडकलेला, दुसरा टेबलावर पसरलेला. थोरल्याने हातोडी उचलली. "चालला नाही तर ठेचायचा. चालला का?"

"अरे, तूच लावलास ना तो!" आई म्हणाली. "त्याची काय चूक?"

"चालला का, एवढंच विचारतोय."

पहिला घाव टेबलावर बसला. धाकट्याने शेवटच्या क्षणी बोटं मिटली म्हणून. करंगळीचं टोक तरी सापडलंच. नख उभं राहिलं आणि धाकटा असा ओरडला की आईने दोन्ही मुलं जन्मताना ऐकलेला आवाज तिला पुन्हा ऐकू आला. थोरल्याने मूठ उघडायला हातोडीचा दांडा धाकट्याच्या बोटांत घातला आणि पिळला.

तिने त्याच्या दंडाला धरून ओढलं. त्याने कोपराने तिला झटकलं आणि ती मागे भिंतीवर आदळली. डोक्यामागे खिळा टोचला. तिने वर हात नेला, खिळ्याला टांगलेलं काय आहे हे न बघताच ते ओढलं, पुढे झाली, आणि पितळी कड थोरल्याच्या डाव्या हाताच्या सांध्यांवर मारली. सगळं अंग घालून मारली. जन्मात तिने कुणाला मारलं नव्हतं. हाडावर पितळ बसल्याचा आवाज आला, सुकी काडी मोडल्यासारखा.

"हात कुठे?" ती म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. इतकी वर्षं त्या खोलीत तो कुठे दबून बसला होता कोण जाणे, पण तो तिच्या तोंडातून जसाच्या तसा बाहेर आला.

थोरल्याचा डावा हात धाकट्याच्या मनगटावरून सुटला आणि सरळ विजारीच्या खिशात गेला. त्याने घातला नाही, तो गेला. चाळिशीला टेकलेला, मैदानात गुरासारखा मार खाऊन न रडलेला तो आडदांड माणूस हात खिशात घालून उभा राहिला, मान खाली, खांदे आवळलेले. सांधे फुटले होते. खिसा बाहेरून हळूहळू ओला आणि काळा होत गेला.

"हातोडी," ती म्हणाली.

त्याने ती टेबलावर ठेवली. अलगद.

धाकटा उठला. मनगट ओढून, खिशाचं तोंड फाडून त्याने डावा हात बाहेर काढला. उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली. करंगळी हलेना. बाकीची हलली. त्याने पंजा छातीशी धरला आणि आईकडे पाहिलं. त्या नजरेत उपकाराची जाणीव असेल अशी तिची समजूत होती. तिथे वेगळंच काही होतं.

"आई," तो हलकेच म्हणाला, "झालं आता. ठेव ती."

"गळका बदल," ती म्हणाली. तिला एवढंच कळत होतं की थोरल्याचा तासाभराचा शब्द आज पुरा झाला नाही तर तो उद्या परत मोजायला येईल. यंत्र तासभर चालायलाच हवं होतं. "आधी पोटातली वीज काढ."

लाकडी दांड्याच्या तांब्याच्या आकड्याने धाकट्याने यंत्राच्या पोटात साठलेली वीज काढली. ठो करून ठिणगी उडाली. लहानपणी या आवाजाला दोघे भाऊ टेबलाखाली शिरायचे. आज कुणी पापणी हलवली नाही. धाकट्याने तपकिरी कंडेन्सर कापून फेकला, पिवळा घेतला, पण ठणकत्या करंगळीने त्याला तो धरवेना.

"धर," आई थोरल्याला म्हणाली. "उजव्या हाताने."

थोरल्याने पुढे होऊन उजव्या हाताच्या चिमटीत तो इवलासा तुकडा धरला. धाकट्याने सोल्डर लावला. दोघांची डोकी जवळ आली होती, एकाच्या ओठातून रक्त गळत होतं, दुसऱ्याच्या ओठाचा टाका उसवला होता.

"हलवू नकोस," धाकटा म्हणाला.

"हलवत नाहीये."

बटण दाबलं. दिवा भपकला आणि मंद झाला. धाकट्याने पुन्हा सळई टेकवली, आणि त्याचा डावा हात फाटक्या खिशात गेला, आरपार निघून मांडीशी लोंबत राहिला. काटा उजवीकडे गेला. यंत्र चालत राहिलं. पत्रे काळे ते काळेच. पाणी कोमट झालं, मग गरम झालं, मग डब्याच्या कडेला वाफ दिसू लागली. कुणी न विचारता आईने डब्याला हात लावला आणि चटका बसेपर्यंत तसाच ठेवला.

"तास झाला," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला. "चालला."

"चालला," धाकटा म्हणाला.

मग तिच्या लक्षात आलं की पट्टी अजून आपल्या मुठीतच आहे. बोटं इतकी आवळली होती की ती सोडवावी लागली. ती परत खिळ्याला अडकवावी म्हणून तिने हात वर उचलला.

आणि दोघांनीही, एकाच वेळी, डोकी खाली घातली.